गिरणीतली कानांची परीक्षा
गरम कोंड्याचा वास आला की मला आमच्या गावची, खर्डीची भाताची गिरणी आठवते. विमान चालवायला शिकत होते, तेव्हा विमानतळाच्या टॉवरचे निरोप मला हेडसेटमधून नीट ऐकू येत नसत. "गावाकडचे कान, इंग्रजी झेपत नाही," असं शिकवणारे सर सगळ्यांसमोर म्हणाले. मी ऐकून घेणारी नव्हते. सुट्टीत प्रशिक्षण संस्थेचा तोच जुना हेडसेट आणि मैत्रिणीचा बॅटरीवरचा, बाहेरचा आवाज दाबणारा हेडसेट घेऊन घरी आले आणि आईला थेट गिरणीत नेलं. इंजिन धडधडत होतं, कोंडा उडत होता, आणि आई माझ्या पाठीमागून आकडे ओरडत होती. जुन्या हेडसेटमध्ये नुसती धडधड ऐकू आली. दुसऱ्यात इंजिन लांब गेलं आणि आईचा प्रत्येक आकडा कळला. "कान तुजे चांगले हायेत गो," आई म्हणाली, "जा, सांग त्याला." परतल्यावर मी मैत्रिणीचा हेडसेट घातला आणि जुना सरांच्याच हातात दिला. "आज हा तुम्ही घाला, सर." विमान वर गेलं, टॉवरचा निरोप आला आणि मी तो एका दमात परत म्हणून दाखवला. सरांनी वळून मला विचारलं, "काय म्हणाले ते?" आता मीही शिकवते. कुणाला ऐकू आलं नाही, तर आधी त्याचा हेडसेट स्वतःच्या कानांवर चढवून बघते.