कोरी हाय!

थंडीच्या सकाळी गाडीवरचं कव्हर ओढलं, की त्याच्या घड्यांत साचलेलं दव हातांवर शिंपडतं. ओल्या कापडाचा, कालच्या धुळीचा आणि कुंपणातल्या पेरूच्या पानांचा एक मिश्र, शीतल गंध दरवळतो, आणि हळूहळू उघडी होते ती आमची उंच छपराची, गोल डोळ्यांची, एके काळी निळी असलेली गाडी. भाऊ चावी फिरवतात. ती आधी खाकरते, मग जराशी रुसते, मग सुरू होते, आणि नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतल्या दोन खिडक्या त्या आवाजाने उघडतात. भाऊ म्हणजे माझे वडील. सत्तरी ओलांडून त्यांना बरीच वर्षं झाली, पण रोज सकाळी गाडी सुरू करून तिच्यात थोडा वेळ नुसतं बसून राहण्याचा त्यांचा नेम काही चुकत नाही. कुणी संध्या करतं, कुणी सूर्यनमस्कार घालतं. आमचे भाऊ गाडीत बसतात! वरच्या गॅलरीतून मी ते पाहते आणि वाटतं, माणूस किती थोड्यात तृप्त होतो, आणि त्या थोड्यासाठीही कधीकधी त्याला केवढं धाडस करावं लागलेलं असतं!

या गाडीला घरात सगळे ‘कोरी’ म्हणतात. पत्रा जागोजागी फुगलेला, मागच्या दाराची काच हाताने वर ओढावी लागते, सीटांची कव्हरं दोनदा बदलून झाली, तरी नाव कोरी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं आई अजूनही म्हणते. तुम्ही पाहुणे म्हणून आलात आणि ‘कोरी काढा, स्टेशनवर सोडून येऊ’ असं ऐकलंत, तर कव्हराखालून करकरीत नवी गाडी निघेल या आशेने उभे राहाल, आणि ही निघेल! पण तिच्या नावाची कथा सांगायची तर आधी तात्यांची सांगावी लागेल.

तात्या भाऊंचे थोरले बंधू, मुक्काम कळवण. आजोबा फार लवकर गेले, तेव्हा तात्यांच्या ओठांवर मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. त्या वयात त्यांनी शेत सांभाळलं, बहिणीचं लग्न केलं, भाऊंना नाशिकला ठेवून शिकवलं. भाऊंची शाळा तात्यांनी निवडली, पाटबंधारे खात्यातली नोकरी तात्यांनी शोधली, बायको तात्यांनी पाहिली, हा प्लॉटसुद्धा तात्यांनीच पसंत केला. माझं नावही त्यांनीच ठेवलं, आणि खरं सांगायचं तर चांगलं ठेवलं. अशा माणसाला ‘नाही’ कसं म्हणायचं? ज्याने आपल्या ताटात आधी वाढून मग स्वतःच्या ताटात घेतलं, त्याच्याशी मतभेद हासुद्धा कृतघ्नपणाच वाटतो. म्हणून भाऊंचं आयुष्य ‘तात्या म्हणतील तसं’ या तीन शब्दांवर सुखाने चालत राहिलं. सुखाने हं, मी उपरोधाने म्हणत नाही. पण सुखालाही कुठेतरी एक काच असतोच. लग्नकार्यात एखाद्याने भाऊंना काही विचारलं, तर ते उत्तर देण्याआधी मंडपभर नजर फिरवून तात्या कुठे आहेत ते बघायचे. लहानपणी मला त्याचं हसू यायचं, पुढेपुढे राग यायला लागला.

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हाही हुकूम कळवणहून आला होता. लोक घेतात तीच घ्यायची. त्या काळी लोक एकच गाडी घेत, आणि भाऊ तीच बुक करायला म्हणून घरातून निघाले. आता आमचे भाऊ म्हणजे उंचीला ताडमाड. त्या गाडीत बसले तर डोकं छपराला टेकलं, मान तिरकी झाली. खरं तर मान तिरकी ठेवून जगायची त्यांना सवय होती, तरी त्या दिवशी कोण जाणे काय झालं, ते बाहेर आले आणि समोरच्या नव्या शोरूममध्ये शिरले. तिथे ही उभी होती. कोरियातून आलेल्या कंपनीची, किमतीला परवडणारी, दिसायला चमत्कारिक. शहरात तेव्हा सगळे तिला बेडूक म्हणून हसत. भाऊ आत बसले, पाठ टेकली, मान सरळ झाली, आणि डोक्यावर चांगली वीतभर जागा उरली! संध्याकाळी घरी येऊन त्यांनी चपला काढल्या, पाणी प्यायले आणि म्हणाले, “मी गाडी घेतली.” आई म्हणाली, “तात्यांना विचारलंत?” भाऊंनी पुन्हा पाणी मागितलं.

पुढचा सबंध आठवडा भाऊ जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. गाडी दारात आली, चाकाखाली लिंबं चिरडली, नारळ फुटला, पेढे वाटले, पण भाऊंचा चेहरा परीक्षेत कॉपी करताना सापडलेल्या मुलासारखा. कारण गाडी कळवणला दाखवायला न्यायची होती आणि तिथून सप्तशृंगीच्या गडावर. आमच्याकडे नवं वाहन देवीच्या पायाशी नेल्याशिवाय वापरत नाहीत.

कळवणच्या अंगणात तात्या खुर्ची टाकून बसले होते. गाडीला त्यांनी एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, टायरवर चपलेचं टोक मारलं आणि विचारलं, “ही कुठली रे?” भाऊंना ‘कोरियाची’ म्हणायचं होतं, पण घसा असा दाटून आला की “कोरिया...” एवढंच बाहेर पडलं आणि पुढचं घशातच राहिलं. तेवढ्यात ओवाळणीचं ताट घेऊन आत्या आली. आत्या म्हणजे तात्या आणि भाऊंची बहीण, कानाने जरा अधू आणि जिभेने तरतरीत. ती तात्यांवरच ओरडली, “अरे, कोरी हाय म्हनतोय ना तो! दिसत नाय का तुला? जुनी कशाला घेईल माझा भाऊ?” मग आई पदर तोंडाला लावून हसली, मी हसले आणि शेवटी तात्यासुद्धा मिशीत हसले. भाऊंना काय झालं असेल, कल्पना करा! ज्या शब्दासाठी आठवडाभर झोप उडाली, तो शब्द एका बहिऱ्या बहिणीने कुंकू लावून आरपार नेला. आत्या आज नाही, पण तिने ठेवलेलं नाव अजून दारात उभं आहे.

तात्या हसले खरे, पण मानले नाहीत. “ज्याचं नाव कधी कानावर आलं नाही, त्याच्या हाती जीव द्यायचा? नांदुरीचा घाट चढू दे, मंग बोलू,” असं म्हणून ते स्वतःच पुढच्या सीटवर बसले. घाटात एका वळणावर समोरची एस.टी. थांबली आणि चढावर आम्हाला थांबावं लागलं. पुन्हा निघताना गाडी जराशी मागे सरकली. मी मागून भाऊंचे कान पाहत होते, लालबुंद! माझ्या शेजारी बसलेल्या आत्याने देवीचा धावा सुरू केला. इंजिन गुरगुरलं, थरथरलं आणि गाडी वर निघाली. अशी निघाली की थेट गडापर्यंत थांबली नाही. वाहनतळावर उतरून तात्यांनी उपरणं झटकलं, शिखराकडे हात जोडले आणि म्हणाले, “देवीची कृपा.” भाऊंनीही हात जोडले. म्हणाले, “खरंय.”

अहो, देवीची कृपा कुणाला नकोय? पण त्या दिवसापासून आमच्याकडे रीतच पडली. गाडी चालली की देवी, पंक्चर झाली की भाऊ! इगतपुरीच्या धो धो पावसात वायपर बंद पडला तेव्हा तात्यांचा फोन आला, “तरी मी सांगत होतो.” आणि तीच गाडी आईला ऐन दुखण्यात वेळेवर दवाखान्यात घेऊन गेली, तेव्हा तात्या म्हणाले, “आईसाहेब पाठीशी आहेत.” सगळ्यांत वाईट म्हणजे भाऊंनाही ते पटायचं. आयुष्यात स्वतःहून घेतलेला एकच निर्णय, तोही फळला, आणि त्याचं श्रेय मात्र कधी त्यांच्या पदरात पडलं नाही. मला दुसरं काही नको होतं. एकदा, दोघांच्याही हयातीत, तात्यांनी म्हणावं की बाबा, तुझं बरोबर होतं. आणि भाऊंनी ते स्वतःच्या कानांनी ऐकावं. दोघांची वयं पाहिली की जीव घाबरा व्हायचा. राहूनच गेलं तर?

आपल्या भाषेची गंमत पाहा. बाळ जन्मलं की आपण त्याचं नाव ठेवतो, आणि मोठं झालं की त्याला नावं ठेवतो! अनुस्वाराचा काय तो फरक. मग त्याने बिचाऱ्याने खपून, सोसून, एक दिवस नाव काढायचं असतं. या कंपनीचंही तसंच झालं. युद्धाने होरपळलेल्या, मधोमध चिरलेल्या एका चिमुकल्या देशात तिचा जन्म. आरंभी तिने दुसऱ्यांच्या गाड्यांचे भाग जोडून दिले, मग भीतभीत स्वतःची एक काढली, आणि ती सातासमुद्रापार अमेरिकेत नेली तेव्हा लोकांनी स्वस्त म्हणून घेतलीही आणि स्वस्त म्हणून नावंही ठेवली. स्वस्त आणि हलकं यांत आपण कुठे फरक करतो? जे परवडतं त्याचा मान ठेवायला माणसाला फार वेळ लागतो. भाजीतली मेथी काय, घरातली माणसं काय! पण ही मंडळी भांडली नाहीत. त्यांनी गाडी सुधारली आणि हमीची मुदत इतरांपेक्षा कितीतरी लांबवली. तुम्ही हसा, आम्ही इथेच आहोत, मोडली तर आणा, असा तो शांत बाणा. त्याच सुमारास चेन्नईजवळ त्यांचा कारखाना उभा राहिला आणि तो बेडूक आमच्या गल्लीबोळांतून उड्या मारू लागला. आज नाशिकच्या कुठल्याही सिग्नलला थांबा, चहूबाजूंना त्यांच्याच गाड्या दिसतील. आमच्या कॉलनीतल्या मुली कोरियन मालिका बघून मुळूमुळू रडतात आणि बाजारातून तिथल्या शेवया आणून खातात. ज्या देशाचं नाव घेताना भाऊंचा घसा दाटला होता, तो आता पोरींच्या तोंडपाठ आहे!

लौकिक असाच येत असावा, पावलापावलाने आणि मुख्यतः दुसऱ्यांच्या दारात. ज्याच्यासाठी यावा, त्याच्या दारात तो सगळ्यात उशिरा पोहोचतो.

या हिवाळ्यात तात्या आले. एकटे, एस.टी.ने, ऐंशी उलटलेले, हातात काठी. भाऊंनी वाकून नमस्कार केला, आईने चहा आणला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, द्राक्षांना थंडी मानवतेय की नाही ते झालं, आणि मग तात्या बशीकडे बघत म्हणाले, “जीप काढून टाकली. आता घरात एक लहान गाडी पाहिजे. कोणती घेऊ?” भाऊ नेहमीच्या सवयीने म्हणाले, “तुम्ही म्हणाल ती.” मला असा संताप आला म्हणता! पण माझ्याआधी तात्याच कडाडले, “अरे, मी म्हणायचं असतं तर एवढ्या थंडीत तुझ्याकडे कशाला आलो असतो? मी तुला विचारतोय!” आई दारात थबकली. भाऊंनी खरोखर मान वळवून मागे पाहिलं, जणू तात्या आणखी कुणाशी बोलत असावेत.

दुपारी आम्ही तिघं कोरीतूनच मुंबई नाक्याकडच्या शोरूममध्ये गेलो. त्या झगमगीत काचेसमोर आमची फुगलेल्या पत्र्याची म्हातारी उभी केली, तर आतली दोन पोरं मोबाइल घेऊन तिचे फोटो काढायला धावत आली. टाय लावलेला एक तरुण पुढे झाला आणि वयाचा मान राखून तात्यांसमोर वाकला. “आजोबा, बसा. फायनल कोण करणार, तुम्हीच ना?” तात्यांनी काठी उचलली आणि भाऊंकडे रोखली. “मला काय विचारतो? त्याला विचार. आख्खं गाव नावं ठेवत होतं तेव्हा यानं तुमची गाडी घेतली. मी पण ठेवली. बरोबर तो होता.”

असं सरळ बोलून तात्या कोचावर बसले आणि गुडघा चोळू लागले. मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही, लपवायचं कशाला? मग भाऊ उठले. त्यांनी एकेका गाडीचं दार उघडून आत बसून पाहिलं, डोक्यावरची जागा हाताने मापली, तात्यांचा गुडघा वाकेल का, काठी कुठे राहील, हे सगळं विचारलं आणि एका गाडीवर हात ठेवून म्हणाले, “ही.” तात्या म्हणाले, “बरं. पांढरी घेऊ, धूळ दिसत नाही.” भाऊ म्हणाले, “नको तात्या. लाल घ्या.”

साऱ्या जन्मात ‘नको’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून तात्यांसमोर पहिल्यांदा ऐकला. तात्यांनी भुवया वर केल्या. “पांढरीला काय झालं?” “काही नाही झालं,” भाऊ म्हणाले, “लाल चांगली दिसते.” तात्या त्या तरुणाकडे वळले आणि म्हणाले, “ऐकू आलं ना तुला? लाल.”

परतताना भाऊ गाडी चालवत होते, तात्या शेजारी, मी मागे. ऊन कलतं होतं, हवेत पुन्हा गारवा भरू लागला होता. शोरूमच्या फाटकातून बाहेर पडताच तात्या सवयीने म्हणाले, “द्वारका चौकावरून घे.” भाऊ म्हणाले, “तिकडं गर्दी असते,” आणि त्यांनी वडाळा गावाकडचा रस्ता धरला. तो रस्ता लांबचा निघाला. जागोजागी खोदलेला, ट्रॅक्टरांच्या मागे रखडत जाणारा, चांगलाच लांबचा. पण ‘तरी मी सांगत होतो’ असं तात्या घरापर्यंत एकदाही म्हणाले नाहीत.