पाळण्याच्या हुकाचं भोक

शालूनं परात डोक्यावर धरली होती आणि मी घोड्यावर चढून छताला भोक पाडत होतो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली. त्या वेळी ते माहीत नव्हतं, त्यामुळे आम्ही नेहमीसारखे भांडत होतो.

"अहो, थांबा. पाणी मारते आधी."

"अगं, एवढुशा भोकाला कसलं पाणी?"

"चाळीस वर्षं मला शिकवलंत, कोरडं खरवडायचं नाही म्हणून. आता काय झालं?"

तिनं इस्त्रीची फवाऱ्याची बाटली स्वतः नळाखाली भरून आणली होती. एका हातात परात, दुसऱ्या हातात बाटली. माझ्या तोंडावर आणि छतावर सारखंच पाणी मारत होती.

मी रंगारी. पुण्यात चाळीस वर्षं लोकांच्या भिंती रंगवल्या. शिक्षण सातवीपर्यंत. घोडा म्हणजे आमची शिडी, दोन्हीकडून पाय असलेली. मुलगा मिलिंद परदेशात, टिलबर्गला, कॉम्प्युटरवर बसून गोदामातला माल कुठे ठेवायचा ते सांगतो. गोदाम त्यानं एकदाच बघितलंय. त्याला मुलगी झाली म्हणून आम्ही दोघं तीन महिन्यांच्या व्हिसावर आलो. बारसं करायचं होतं. शालूला पाळणा टांगलेलाच हवा होता. जमिनीवर ठेवलेल्या पाळण्याला ती टोपली म्हणायची. पण इथल्या घरांच्या छताला हूक नसतो. या लोकांना वर काही टांगायचंच नसतं. म्हणून भोक.

घर सत्तर सालच्या आसपासचं. छत दाणेदार. कोणीतरी ओला रवा मुठीनं वर फेकून मारावा, तसं. आम्ही त्याला टेक्स्चर म्हणतो. खालचं वाकडंतिकडं काम झाकायला उत्तम. इथल्या गवंड्यांनाही झाकायचं असतं हे बघून मला बरं वाटलं.

भोक पडलं. ओला लगदा परातीत पडला, थोडा शालूच्या केसांत. फास्नरची पुडी मात्र मी पुण्याला विसरलो होतो. फास्नर म्हणजे भोकात बसून हूक धरून ठेवणारी लोखंडी नळी. मिलिंदनं ती ऑनलाइन मागवली. तिसऱ्या दिवशी आली.

"उद्या बसवा," शालू म्हणाली.

त्या उद्याला ती ओट्यापाशी चहा गाळताना खाली बसली आणि उठली नाही. हॉस्पिटलनं सांगितलं, हार्ट. इथल्या विद्युतदाहिनीत, का गॅसच्या, मला विचारू नका, बाहेर आल्यावर कॉफी आणि केकचा तुकडा देतात. बायको आत, आणि माझ्या हातात केक. मी खाल्ला. सगळे बघत होते.

दहाव्या दिवशी कुलकर्णी भेटायला आला. मिलिंदच्या मराठी ग्रुपमधला. या माणसाला सायकलच्या ब्रेकपासून मोक्षापर्यंत सगळ्यातलं कळतं. आला, हात जोडले, दोन मिनिटं मान खाली घातली. मग मान वर केली ती थेट छताकडे.

"काका, हे भोक कसं पाडलं?"

"हिनं आणि मी."

"तसं नाही. घर कधीचं? टेस्ट केली होती का? या काळातल्या छतांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं."

मिलिंदचा चेहरा पांढरा. ॲस्बेस्टॉस म्हणजे दगडातून निघणारे बारीक तंतू, असं कुलकर्ण्यानं मला समजावलं. आग लागू नये, मजबुती यावी म्हणून कशाकशात घालायचे. नव्वदीनंतर इथे बंद झालं. तंतू डोळ्याला दिसत नाहीत. फुफ्फुसात गेले तर तिथेच बसून राहतात, आणि वीस-तीस वर्षांनी आजार काढतात.

"म्हणजे शालू त्यानं गेली नाही," मी म्हणालो.

"छे छे, काका. पण बाळ..."

तो 'पण' आमच्या घरात ठेवून कुलकर्णी सायकलवर बसून गेला.

घर घेतानाच्या कागदांत तसं एक कलम होतं. जुन्या घरात ॲस्बेस्टॉस असू शकतं, खरेदीदाराला हे मान्य आहे. मिलिंदनं खाली सही केली होती. सही करायच्या आधी वाचायची पद्धत आमच्या घराण्यात नाही.

सून ऋता त्याच दुपारी बाळाला घेऊन मैत्रिणीकडे गेली. तिनं घराजवळच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, एकदाच उडालेल्या जराशा धुळीसाठी करण्यासारखी काही तपासणी नसते, बाळ छान आहे ना, मग झालं. इथले डॉक्टर औषध न देण्याचं शिक्षण घेऊन येतात. ऋता रडली. माझ्यावर कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मिलिंद रोज एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारायचा.

"बाबा, धूळ किती पडली साधारण? चमचाभर?"

"मी रंगारी आहे, स्वयंपाकी नाही."

"आईच्या केसांत पण?"

यावर मी उठून बागेतल्या शेडमध्ये जाऊन बसलो. मागच्या बागेत सायकली ठेवायची एक शेड होती. पहिल्या दिवसापासून तीच मला आवडली होती. घरात बसलो की डोक्यावर ते भोक दिसायचं. मी तिच्या केसांत विष पाडलं का? ती मेली हार्टनं, हे कळत होतं. पण तिच्यासाठी केलेलं शेवटचं काम विषाचं निघालं तर पुढची सगळी वर्षं मला तेच आठवणार होतं. आणि नातीच्या बारशाला त्या छताखाली पाऊल कोण ठेवणार?

तपासणी करणारा माणूस यायला आठवडा लागला. त्याआधी मिलिंदनं मला कामाला लावलं. "बाबा, तुम्ही बांधकामातले. घरात आणखी कुठे ॲस्बेस्टॉस दिसतंय का, बघून ठेवा." मी माळ्यापासून मागच्या फाटकापर्यंत फिरलो. म्हणालो, "कुठे काही नाही."

मग तो आला. योस्त नाव. पन्नाशीचा, उंच, दारातून वाकून आला. अंगात पांढरा सूट घातला, तोंडाला मास्क लावला, घोड्यावर चढला. मला वाटलं, आता सर्टिफिकेटवालं काहीतरी बघायला मिळणार. त्यानं बॅगेतून फवाऱ्याची बाटली काढली आणि छतावर पाणी मारलं.

मी ऋताकडे बघितलं. ती दुभाषी म्हणून आली होती, तोंडाला रुमाल बांधून.

"याला विचार, कुठे शिकला हे."

"बाबा, तो प्रोटोकॉल आहे. ओलं केलं की तंतू उडत नाहीत."

प्रोटोकॉल! माझ्या बायकोनं हाच प्रोटोकॉल नऊवारी नेसून केला होता, वर परात धरून.

योस्तनं भोकाच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा चिमट्यानं काढला, एका पिशवीत घातला, ती दुसऱ्या पिशवीत. भोकावर चिकटपट्टी लावली. मग त्यानं विचारलं आणि ऋतानं सांगितलं, "भोक पाडताना कोरडं होतं की ओलं, विचारतोय."

"ओलं. हिनं पाणी मारलं होतं. माझी तयारी नव्हती, तिनं ऐकलं नाही."

ऋतानं सांगितलं. योस्तनं मास्क खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "खूत." मला ती शिवीच वाटली. ऋता म्हणाली, "चांगलं, असं म्हणतोय बाबा. ज्यांनी केलं त्यांनी अगदी बरोबर केलं, म्हणतोय."

मी नाक शिंकरायला आत गेलो.

बाहेर आलो तर योस्त मागच्या बागेत उभा, कमरेवर हात ठेवून शेडच्या छपराकडे बघत. आणि मिलिंदचा चेहरा परत पांढरा.

"बाबा! हे ॲस्बेस्टॉस आहे!"

"कुठे?"

"हे छप्पर! अख्खं!"

"हा तर सिमेंटचा पत्रा."

"तेच ते! सिमेंट आणि ॲस्बेस्टॉस! तुम्ही बघून सांगितलंत ना, कुठे काही नाही म्हणून?"

"मग पत्रा म्हण की! मला काय माहीत पत्र्याचं नाव ॲस्बेस्टॉस आहे? घरात वीस वर्षं पत्रा म्हणालास. नोकरी लागल्यावर इंग्लिश झालास. अरे, तुझा जन्म याच्याखाली झाला. दहावीचा अभ्यास याच्याखाली केलास. तुझी आई यावर पापड वाळवायची!"

ऋता हसायला लागली. रडत हसत होती. योस्तला काही कळलं नाही, तोही हसला. मग त्यानं समजावलं. पत्रा धड आहे, फुटलेला नाही. आहे तसा राहू द्या. कापायचा नाही, भोक पाडायचं नाही, घासायचा नाही. काढायचाच असेल तर आधी नगरपालिकेला विचारा. धोका कापण्याच्या धुळीत असतो. त्यानं सहज विचारलं, "यांनी कधी असे पत्रे कापलेत का?"

ऋतानं मराठीत सांगितलं. मी म्हणालो, "नाही."

कापलेत. तरुणपणी रंगाचं काम नसलं की पत्र्याच्या कामावर जायचो. करवतीनं, कोरडे. भिंतीचा चुना उडून डोळ्यांत जातो म्हणून पाणी मारायचं, हे उस्तादानं शिकवलं होतं. पत्र्याचं कोणी काही सांगितलं नाही. संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा होऊन घरी यायचो. ते कपडे शालू दारात झटकायची, मग धुवायची. रोज. त्या धुळीसाठी सूट घालून कोणी आलं नाही. कुलकर्णीसुद्धा आला नाही.

हे मी मिलिंदला सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल. वाचलंन तर.

रिपोर्ट ईमेलवर आला. छताच्या तुकड्यात ॲस्बेस्टॉस आढळलं नाही. मिलिंदनं तो दोनदा मोठ्यानं वाचला, आयुष्यात पहिल्यांदा एखादा कागद शेवटपर्यंत. ऋता संध्याकाळी बाळाला घेऊन परत आली. कुलकर्ण्यानं ग्रुपवर अंगठा पाठवला आणि खाली लिहिलं, मी म्हणालोच होतो, टेस्ट केलेली बरी.

बांधकामातल्या माणसानं यातून एवढंच घ्यावं. जुन्या छताला हात लावायच्या आधी घर कधीचं ते विचारा आणि तुकडा तपासून घ्या. आम्ही नशिबानं सुटलो. आणि म्हाताऱ्या रंगाऱ्याला काही विचारायचं असेल तर त्याला कळेल अशा शब्दांत विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घोडा लावला. चिकटपट्टी काढली. सवयीनं म्हणालो, "परात धर गं." मिलिंद कानात हेडफोन घालून मीटिंगमध्ये होता. तो तसाच उठून आला आणि परात पोटाशी धरून उभा राहिला.

"वर धर. डोक्यावर. तुझी आई धरायची तशी."

त्यानं धरली. इस्त्रीची बाटली खिडकीत होती तिथेच होती. तिनं भरलेलं पाणी अर्धं उरलं होतं. तेच मारलं. फास्नर ठोकला, हूक फिरवला, तांदळाची दहा किलोची पिशवी टांगून बघितली. हूक हलला नाही.

मग खाली उतरून बाटली नळाखाली धरली आणि भरून परत खिडकीत ठेवली.