एका हिरव्या पानासाठी

बायको वारली आणि चार महिन्यांत मी तिला भांडीवालीला देऊन टाकलं. म्हणजे तिची साडी. पण माझ्या लेखी एकच.

सुमननं शेवटच्या आठवड्यात नेसलेली सुती साडी मी न धुता ठेवली होती. सुमनचा वास होता तिला. सून म्हणाली, "बाबा, धुऊन ठेवते ना!" मी म्हटलं, "हात लावून तर बघ!" आणि तिला सापडू नये म्हणून माझ्याच फाटक्या लुंगीत गुंडाळून कपाटामागं कोंबली. (अक्कल बघा!)

मग नातीच्या शाळेतून चित्रांचं पुस्तक आलं. मी तिसरी नापास, चित्रं तेवढी वाचली. पृथ्वी डोक्यावर जुन्या कपड्यांचा ढीग घेऊन रडतेय. शेवटी एक बोडकं झाड. घरातली एक जुनी वस्तू कामाला लावली की झाडाचं एक पान रंगवायचं.

"आजोबा, एकच पान राहिलंय! टीचर उद्या बघणार!"

"मलाच देऊन टाक. मी पण जुनाच."

"तुम्हाला कोण घेणार?"

पोरगी आजीवर गेलीय!

तेवढ्यात जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडीवाली दारात. मी कपाटामागं हात घातला, लुंगी हाताला लागली, आत काय आहे ते साफ विसरलो! डोकं हल्ली असंच चालतं. बाईनं गाठोडं सोडून बघितलं. मी चष्म्याशिवाय तिच्या वाट्या न्याहाळत होतो. एका फाटक्या लुंगीला तिनं स्टीलची नवी वाटी दिली! मी छाती फुगवली. सुमनला आयुष्यात असा सौदा जमला नाही!

नातीनं पान रंगवलं. मी त्याच वाटीत डाळ ओरपली. आणि शेवटच्या घासाला आठवलं.

तसाच पळालो. भांडुपचा तो चढ, माझे गुडघे! बाई वरच्या नाक्यावर कपडे निवडत बसली होती.

"अगं, लुंगीत साडी होती!"

"बघितली ना बाबा. नुसत्या लुंगीला वाटी कोण देतं?"

"वाटी परत घे, साडी दे."

"वापरली ना ती?"

"धुऊन देतो!"

"नको. अंगातला शर्ट चांगलाय."

भररस्त्यात शर्ट काढून दिला. तिनं बोचक्यात खांद्यापर्यंत हात घालून साडी ओढली. "कोणाची होती?"

"बायकोची. गेली."

तिनं साडीची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "त्या असत्या तर या शर्टावर कढई काढली असती." शर्ट मात्र परत दिला नाही!

बनियनवर घरी आलो. सून म्हणाली, "बाबा, हे काय!" मी आत जाऊन साडीत तोंड खुपसलं. बोचक्यातल्या शर्ट-बनियनांचा, अख्ख्या भांडुपच्या घामाचा वास! सुमनचा शोधून सापडेना. पण आता फेकवत पण नाही. रोज दुपारी उशाशी घेतो, आणि बहात्तराव्या वर्षी कुणा अनोळखी माणसाच्या बनियनचा वास घेत रडतो!