एकोणसाठ हरभरे, एक वाटाणा

नाही, 'मस्त ट्रिप झाली वाटते' असं म्हणू नका. माझा फोटो पाहून कालपासून तुम्ही तेच लिहून राह्यले. मांडीवर हरभऱ्या-काड्यांचा गोल, खिडकीबाहेर फुटलेला कापूस, अन् मी हसून राह्यलो. त्या फोटोत एक गोष्ट कमी हाय. ती मी खाल्ली. आता ऐका.

सुलभाताई माझी मावसबहीण. लांबच्या एका प्रयोगशाळेत कार्बनच्या पिंजऱ्यांवर काम करते. साठ अणूंचा पोकळ गोल, फुटबॉलसारखा. त्यातला एक कार्बन काढायचा, तिथं नायट्रोजन बसवायचा, अन् मग पिंजरा कसा वागते ते पाहायचं. उमरखेडच्या कॉलेजनं तिले बोलायले बोलावलं, तिच्याच गावात. पण खरं तर तिले सांगायचं होतं मावशीले, तिच्या आईले. गल्लीतल्या बाया विचारतात, "पोरगी तिकडं करते तरी काय?" अन् मावशी दरवेळी "केमिकलचं काईतरी" म्हणून विषय बदलते.

म्हणून आदल्या संध्याकाळी ताई यवतमाळले आमच्या घरी उतरली. आम्ही भिजलेल्या हरभऱ्यांत खराट्याच्या काड्या खुपसत बसलो, शाळेत घरं करायचो तसं. साठाव्या जागी तिनं हिरवा वाटाणा लावला.

"हा माझा नायट्रोजन. आईले म्हणीन, हिरवं दिसते ना, ते माझं काम."

आता ते शब्दन्‌शब्द आठवते. तेव्हा माझ्या डोक्यात 'पिंजरा' या शब्दावरून एक कथा सुरू झालती. मी नुसतं "हं" म्हटलं.

उमरखेडले जाणार असाल तर आमच्यासारखी सकाळची बस पकडा. आर्णी, महागाव, उमरखेड. रस्ता आता चांगला हाय, तीन-एक तास लागतात. बायांले अर्धं तिकीट. आर्णीले तर्री-पोहे खा, पण तर्री वेगळी मागा, नाहीतर अर्धी शर्टावर घ्याल.

कंडक्टरनं गोलाकडं पाहिलं. "हे कायचं झुंबर हाय, भाऊ?"

"ताईचा रिसर्च हाय."

"मंग याचं फुल तिकीट लागते."

ताई हसली, गोलावर ओलं फडकं टाकलं अन् खिडकीले डोकं टेकवून झोपली. दोन दिवसांपासून प्रवासातच होती.

आर्णी सुटल्यावर मी फडकं उचललं. हिरवा दाणा. आमच्या घरात परातीत धान्य पसरलं की जवळ बसलेल्याचा हात आपोआप वेगळा दाणा वेचते. लहानपणी मावशीनंच लावलेली सवय. मले वाटलं, हरभरे कमी पडले म्हणून वाटाणा लावला असंल, कॉलेजची पोरं हसतील. सुटला एखादा तर लावायले ताईनं भिजल्या हरभऱ्यांची पुडी दिलती. त्यातला एक घेतला, तिन्ही काड्या अलगद त्यात खुपसल्या, अन् वाटाणा तोंडात टाकला. फार नेटकं दिसलं. मग तो फोटो काढला.

कॉलेजात मावशी पहिल्या रांगेत होती, नवं पातळ नेसून, गल्लीतल्या दोघींले सोबत घेऊन. ताई छान बोलली. आधी गोल एका जागी उघडायचा, नायट्रोजन आत घ्यायचा, मग गोल परत मिटवायचा. नुसत्या कार्बनचा गोल खुशाल एकटा राहते. पण नायट्रोजनवाल्याजवळ एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा उरते, म्हणून तो आपल्यासारखा दुसरा शोधून त्याले चिकटते. मग तिनं आमचा गोल उचलला.

"आई, ये. यातला हिरवा दाणा दाखव सगळ्यांले."

मावशी उठली. चष्मा लावला. गोल फिरवला, परत फिरवला. मले तेव्हा उमजलं, तो वाटाणा कायले होता.

"सगळे सारखेच हाय व, सुलू."

हॉल हसला. ताईनं गोल हातात घेऊन पाहिला, अन् माईकवर म्हणाली, "माझंच चुकलं. घाईत लावायचा राहिला."

मी तिसऱ्या रांगेत होतो. उठलो नाही.

दुपारी मावशीकडं भाकर अन् तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. एवढी चांगली आमटी उमरखेडच्या कोणत्या हॉटेलात भेटंल ते मले विचारू नका, मी नुसते तिच्यातले दाणे मोजत होतो. दारात एक बाई आली. "काय दाखवलं व पोरीनं आज?"

मावशीनं ताईकडं पाहिलं, मग ताटाकडं.

"केमिकलचं काईतरी."

ताईनं मान वर केली नाही. मी आणखी भाकर मागितली, काईतरी बोलायचं म्हणून.

संध्याकाळच्या गाडीनं एकटाच यवतमाळले परतलो. कापूस, रस्ता, तर्री, कायीच सोबत आलं नाही. आज सकाळी आईनं परातीत हरभरे पसरले, तर माझा हात पुढं गेला, अन् मी तो मागं ओढला.

ताई उद्यापर्यंत उमरखेडलेच हाय. गोल मावशीच्या कपाटावर ठेवला हाय. रुमालात भिजवलेला वाटाणा बांधून घेतला. तिथं जाऊन माझं तोंड उघडंल का, माहीत नाही. "एक दाणाच तर होता" असं तुम्ही म्हणाल, म्हणून खाली लिहायची सोय बंद करून राह्यलो. बस लागली असंल. निघतो.