शिंप्याच्या टिनावरची डिश

लांजीकडच्या बऱ्याच गावांत केबल पोचत नाही. तिथं आम्ही घरावर पाइप उभा करतो, त्याला इंटरनेटची लहानशी डिश लावतो आणि तिचं तोंड आमच्या टॉवरकडं करतो. छपरं बहुतेक टिनाचीच.

त्या दिवशी एका शिंप्याकडं काम होतं. माझा जोडीदार तापानं पडला होता, म्हणून बालाघाटहून मी एकटाच गेलो. शिंप्याची बायको शाळेत पोरांचा स्वयंपाक करायची. मी पोचलो तेव्हा ती निघायच्या घाईत होती.

"भाऊ, यायले ऐकू येत नाही, बोलताबी येत नाही," ती म्हणाली. "गोंदियाले यायचा शाळेतला दोस्त आहे, तोबी असाच. दोघं व्हिडिओवर हातानं बोलतात. पर हात मधातच अटकून जातात, मंग काही समजत नाही."

"होऊन जाईल, ताई," मी म्हणालो. ती गेली.

आमच्या कामात एक जण वर डिश फिरवतो, दुसरा खालून मोबाइलवर सिग्नल बघून ओरडतो. इथं ओरडायचं कुणी? मी शिंप्याला मोबाइलवरचा आकडा दाखवला. त्याला लगेच समजलं. तो मोबाइल घेऊन अंगणात उभा राहिला आणि सिग्नल वाढला की तळहात वर, कमी झाला की खाली, असं दाखवायला लागला.

आधी मी पाइप आखूड ठेवला होता. समोर मोहाचं झाड आडवं येत होतं. शिंप्याचा हात कमरेच्या वर जाईना. मी पाइपाला आणखी एक तुकडा जोडून डिश टिनापासून चांगली उंच घेतली, तसा हात खांद्यापर्यंत आला. डिश सरळ आहे का बघायला मी मान वर करून मागं पाऊल टाकायला लागलो.

खालून मोठ्ठा, घोगरा आवाज आला. या माणसाचा आवाज निघतो हेच मला ठाऊक नव्हतं. मी एक पाय उचललेला तसाच थांबलो. तो माझ्या पायाकडं बोट दाखवत होता. मागचा पत्रा टिनाचा नव्हता. उजेडासाठी बसवलेला प्लास्टिकचा होता आणि धुळीनं टिनासारखाच झाला होता. टिनावर स्क्रूच्या ओळीवरूनच चालायचं, खाली लोखंडी अँगल असतो, हे मी नव्या पोरांना शिकवतो. आणि मीच विसरलो होतो.

उचललेला पाय मी पुढं स्क्रूच्या ओळीवर टेकवला. मी तिथंच बसलो. तो शिडीनं वर आला, खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि त्या पत्र्याच्या कडेनं पांढरी रेघ ओढली. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून खाली उतरला.

काम संपेपर्यंत त्याची बायको परत आली. त्यानं दोस्ताला फोन लावला. हात न अडकता चालत होते, दोघं भराभर बोलत होते. मधेच दोस्त माझ्याकडं बघून हसला.

"काय म्हणतो तो?" मी विचारलं.

"तुमी मशिनीवर पडले असते, हे सांगून राह्यले त्याले," ती म्हणाली. "प्लास्टिकच्या खालीच तर मशीन आहे. तो विचारते, गोंदियाले काहून लावून देत नाही?"

"आमचा टॉवर तिकडं नाही, ताई."

तिनं ते नवऱ्याला हातानं सांगितलं, त्यानं दोस्ताला. त्यावर दोघांचं बराच वेळ काहीतरी चाललं. तिनं चहा आणून दिला. मी तो पीत पीत उरलेली केबल गुंडाळली.