सत्तेचाळिसाव्या वर्षीचं फर्स्ट इयर

मूठभर साबुदाणा भिजत घालावा आणि सकाळी भांडं भरून वर यावा, तसं माझ्या कॉलेजच्या किश्श्यांचं झालंय. एकादशीला जमलेल्या मैत्रिणी खिचडीपेक्षा तेच जास्त मागतात. मागू देत! हसं माझंच होतं, आणि त्यानं उपास काही मोडत नाही.

तर मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि मी बी.कॉम. फर्स्ट इयरला नाव घातलं. सगळ्यात अवघड विषय स्टॅटिस्टिक्स. आमचे हे रेल्वेत आहेत. म्हणाले, "नापास झाली तर?"

"तर सोळा सोमवार करीन."

"म्हणजे पुस्तकाच्या आधी उपासाचीच तयारी आहे तुही!"

*

स्टॅटिस्टिक्सची पहिली टेस्ट वीस मार्कांची, अर्ध्या तासाची. सवयीप्रमाणे मी पेपरच्या वर 'श्री' काढला. त्याला वेलबुट्टी केली, दोन्ही बाजूंना स्वस्तिक. मान वर केली तर दहा मिनिटं संपलेली!

मार्क पडले तीन. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पेपर हातात देत हळूच म्हणाल्या, "काकू, देवाचं काम पूर्ण झालंय. आता तुमचं तेवढं राहिलंय."

*

त्या टेस्टमध्ये अर्धा वर्ग गळाला. माझ्या शेजारी बसणारी कीर्तीसुद्धा. तिचे बाबा सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला. मूळचे भंडाऱ्याचे, घरी मराठी. पण हिंदी मुलखात वाढलेली ही पोट्टी उत्तर हिंदीतच देणार. बाबांनी तिला सांगून ठेवलं होतं, वर्षाच्या परीक्षेत एक जरी विषय गेला तर कॉलेज बंद, घरी बसायचं.

"आंटी, पापा मज़ाक नहीं करते," ती म्हणाली आणि डोळे पुसायला लागली.

मला राहवलं नाही. तिथल्या तिथे नवस बोलले, ही पास होईपर्यंत आलू सोडला!

घरात आलू येणंच बंद झालं. आठ दिवसांनी यांनी ताटाकडे बघत विचारलं, "पास व्हाचं त्या पोट्टीले. मग माहे आलू काहून बंद?"

*

शिकवता शिकवता मॅडम विचारायच्या, "समजलं?" आणि अख्खा वर्ग म्हणायचा, "हव मॅडम!" माझा आवाज सगळ्यांत मोठा. इतकी वर्षं हात जोडून कथा ऐकलेल्या, तिथे कुठे कोण मध्येच शंका विचारतं!

एक दिवस त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. आज काय समजलं ते दोन ओळींत लिहा, नाव टाकू नका. बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्याच परत आल्या. एकीवर मात्र लिहिलेलं होतं, "तुमचा आवाज फार गोड आहे."

नाव नव्हतं. पण वर वेलबुट्टीचा श्री होता!

*

त्या चिठ्ठ्यांनी मॅडमना चांगलाच धक्का दिला. त्या दिवसापासून दर दहा मिनिटांनी शिकवणं थांबवायच्या आणि म्हणायच्या, आता शेजारच्याला समजावून सांगा. शिवाय दुपारी एक तास माझ्या खोलीत या, काहीही विचारा.

खोलीत कुणी जाईना. मॅडमच्या खोलीत जायचं म्हणजे बोलणी खायची, असाच सगळ्यांचा समज. वयानं मोठी म्हणून मीच पुढे झाले. आता कुणाकडे पहिल्यांदा जायचं, ते रिकाम्या हातानं कसं? गोल बाजारातून खण आणला, नारळ घेतला, मूठभर तांदूळ बांधून घेतले.

"या काकू! काय प्रश्न आणलाय?"

"प्रश्न नाही मॅडम, ओटी आणली आहे."

बिचाऱ्यांनी ओढणी पसरून ओटी घेतली. मग म्हणाल्या, "उद्या प्रश्न आणा. खण नको."

*

दुसऱ्या दिवशी मी कीर्तीलाही ओढत नेलं. हळूहळू बाकीचेही यायला लागले. पण मीडियन काही कीर्तीच्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं, "हे बघ, हळदीकुंकवाला आलेल्या बायका उंचीप्रमाणे रांगेत उभ्या कर. बरोब्बर मधली जी, ती मीडियन."

"बस इतना ही?" ती म्हणाली. मॅडमनी ते उदाहरण वर्गात सांगितलं. मी आठवडाभर हवेत!

पुढच्या टेस्टला आकडे आले आठ. मधली बाई शोधते तर दोघी निघाल्या! मी लिहून टाकलं, "दोघींनाही मान द्यावा."

अर्धा मार्क मिळाला. दोघींची सरासरी काढायची असते, हे मला नंतर कीर्तीनं समजावलं. तिला पूर्ण मार्क होते.

*

वर्षाचा रिझल्ट लागला. कीर्ती सगळ्या विषयांत पास! मी बाकी सगळ्यांत पास, स्टॅटिस्टिक्स चार मार्कांनी गेला.

रविवारी तिचे बाबा तिला घेऊन तेलीबांध्याला आमच्या घरी आले. हातात पेढ्यांचा डबा. "ताई, तुमच्यामुळं पोट्टी पास झाली," म्हणत वाकायलाच लागले. मी अवघडून मागे सरकले. मग त्यांनी कौतुकानं विचारलं, "तुमाले किती मार्क पडले?"

मी पदराशी चाळा करत बसले. पण आमचे हे कसले थांबतात! हसत म्हणाले, "हिचा तोच विषय गेला ना!"

बाबांचा हात डब्याच्या झाकणावर तसाच राहिला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कीर्तीकडे. मग खुर्ची यांच्याजवळ सरकवली आणि आवाज उतरवून म्हणाले,

"भाऊ, हात जोडतो. एका विषयापायी ताईले घरी नोका बसवू."