जुबेदाचा सरळ प्रश्न

फोनवर जुबेदाचं नाव उमटलं म्हणून मी हसतच उचलला. शुक्रवारी ती माझ्याकडे यायची होती. पण पलीकडून तिच्या नवऱ्याचा, इकबालभाईंचा आवाज आला. "ताई, जुबेदा गेली." "कुठं गेली?" मी विचारलं. मग त्यांनी सांगितलं. सकाळी नळाला पाणी आलं म्हणून ती बादली लावायला उठली, डोकं दुखतंय म्हणाली, मोरीच्या कठड्यावर बसली आणि तिथंच कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. शेहेचाळीस वर्षांची, दिवसभर उन्हातान्हात चालूनही न दमणारी बाई. आदल्या संध्याकाळीच आम्ही फोनवर अर्धा तास हसत होतो. पाच आठवडे झाले, तरी हे खरं आहे यावर माझा विश्वास बसत नाही.

आमची ओळख कामातली. सांगलीतल्या एका लहानशा सर्वेक्षण संस्थेत मी प्रश्नावल्या मराठीत लिहायची आणि जुबेदा त्या घेऊन दारोदार फिरायची. माधवनगरच्या यंत्रमाग कामगाराची ही मुलगी. बारावीनंतर शिक्षण सुटलेलं, पण पाचगणीतल्या हॉटेलमालकापासून शिराळ्यातल्या म्हाताऱ्या आजीपर्यंत कुणाच्याही उंबऱ्यावर ती घरच्यासारखी बसायची. बाईला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवऱ्यानं आतून दिलं, की ही पेन खाली ठेवायची. "दादा, तुमचं झालं लिहून. आता वहिनींचं." आणि वहिनी बोलेपर्यंत गप्प बसून राहायची, कितीही वेळ लागो. एकेका घरात एवढा वेळ घालवते म्हणून ऑफिसात तिला बोलणी बसत. त्यावर ती नुसती मान हलवायची.

मग ते सफाईच्या ठेक्याचं काम आलं. जवळच्या एका पालिकेला सफाईचं काम ठेकेदाराकडे द्यायचं होतं आणि त्याआधी लोकांचं मत हवं होतं. प्रश्न मी लिहिला होता. 'घरपट्टीचा बोजा वाढत असताना कायम सफाई कामगारांच्या पगारावर आणि पेन्शनवर एवढा खर्च होणे तुम्हाला योग्य वाटते का?' आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी मुद्दे दिले, मी वाक्य नीट बसवलं. त्यात काही वावगं आहे हे माझ्या मनातही आलं नाही... किंवा आलं असेल, मी ते येऊ दिलं नाही. दुसऱ्याच दिवशी एका गल्लीत एका म्हातारीनं प्रश्न ऐकून घेतला आणि जुबेदाला म्हणाली, "बाई, तू इचारत न्हाईस, सांगतीयास."

जुबेदा त्या रात्री जेवली नाही, हे मला पुढं कळलं. सकाळी ती त्याच गल्लीत गेली. एका बाजूच्या घरांत तिनं माझा प्रश्न वाचला आणि समोरच्या बाजूला स्वतःचा, साधा : 'तुमची गल्ली झाडणारी माणसं पालिकेच्या कायम नोकरीत असावीत का, ठेकेदाराची असावीत?' दोन्ही बाजूंची माणसं एकाच गल्लीतली, रोज एकमेकांकडून साखर-कोथिंबीर नेणारी. उत्तरं मात्र जवळजवळ उलटी आली. ते कागद घेऊन ती ऑफिसात आली आणि साहेबांच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले. साहेब म्हणाले, "तुला प्रश्न विचारायला ठेवलंय, बनवायला नाही." तिनं माझ्याकडं पाहिलं. "ताई, तुमी सांगा की. हे बरोबर हाय?" मी समोरच बसले होते. मी म्हणाले, "आपण नंतर बोलू." तिचं काम त्याच दिवशी गेलं. ते 'नंतर' काही आलं नाही.

अहवाल तयार झाला, 'नागरिकांचा कौल ठेक्याच्या बाजूने' अशी बातमीही छापून आली आणि त्यावर शिक्कामोर्तब करायला पालिकेनं जाहीर सभा बोलावली. मी शेवटच्या रांगेत होते. अहवाल वाचून झाल्यावर जुबेदा उठली. आवाज कापत होता, पण थांबला नाही. तिनं आधी माझा प्रश्न जसाच्या तसा म्हणून दाखवला आणि म्हणाली, "ज्यांना हे योग्य वाटत न्हाई, त्यांनी हात वर करा." ढीगभर हात वर झाले. मग तिनं आपला प्रश्न विचारला. लोक चुळबुळले, एकमेकांकडं बघू लागले आणि पुन्हा हात वर झाले, ते कायम नोकरीसाठी. मघाचीच माणसं! मागं भिंतीला टेकून उभे असलेले सफाई कामगार टाळ्या वाजवायचंही विसरले. कुणीतरी ओरडलं, "आवं, मग आमचं खरं मत कुठलं?" जुबेदा म्हणाली, "ते तुमी ठरवा. पण आदी प्रश्न तरी सरळ इचारू द्या." ठेक्याचा ठराव त्या दिवशी बाजूला पडला. पुन्हा सर्वेक्षण करायचं ठरलं, तेही प्रश्न आधी पालिकेच्या फळ्यावर लावून. कामगार अजून कायम आहेत. जुबेदाला मात्र ते काम पुन्हा मिळालं नाही, ती घरी शिवणकाम करू लागली.

बरेच महिने आम्ही बोललो नाही. मग एका ईदला तिचाच फोन आला, जणू काही झालंच नव्हतं. मीही तो विषय काढला नाही. त्या शुक्रवारी काढणार होते, शब्दही जुळवून ठेवले होते... 

चाळिसाव्या दिवसाच्या आधी एकदा माधवनगरला तिच्या घरी गेले. शिलाई मशीनवर कापड झाकलेलं. थोरली मुलगी चहा ठेवून आत गेली. इकबालभाई समोर बसले होते. मला राहवलं नाही. "भाई, तिला माझा राग तर नव्हता ना?"

त्यांनी चहाचा कप माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, "ताई, असं इचारल्यावर मी न्हाईच म्हननार की."

मी कप खाली ठेवला आणि पुन्हा विचारलं, "तिला माझा राग होता का?"

"व्हय," ते म्हणाले. "होता. लय दिवस होता. सभेच्या आदल्या दिवशी मी म्हनलं, प्रश्न कुनी लिवला त्येबी सांग तिथं. तर म्हनाली, न्हाई, ताईंचं त्या सवताच सांगतील."

म्हणून हे लिहिते आहे. तो प्रश्न मी लिहिला होता.